तळ दाखवा

सहा वाजून दहा मिनिटांनी बसथांब्यावर मला माझंच वाक्य भेटलं. अगदी शब्दाला शब्द माझं नव्हतं, पण आपलं पोर दुसऱ्याचे कपडे घालून समोर आलं तरी आपण ओळखतोच. थांब्याच्या काचेमागे दिवा लावलेली जाहिरात असते, तिथे त्या दिवशी बुटांची नवी जाहिरात लागली होती. कुणा बाईचे घोट्यापर्यंतचे पाय, करडे बूट, आणि वर लिहिलेलं, 'सहा वाजल्यानंतरही पाय तुमचेच.' मी भार डाव्या पायावरून उजव्यावर घेतला आणि पुन्हा वाचलं. नऊ वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, 'सहा वाजल्यानंतर पाय माझे राहत नाहीत.' कुठे लिहिलं होतं, कुणासाठी लिहिलं होतं, त्या दिवशी टाचेत किती खुपत होतं, सगळं लख्ख आठवलं. एक बस आली आणि गेली. ती माझीच होती, हे ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर कळलं.

मी पडद्यांच्या कापडाच्या काउंटरवर उभी असते. एकवीस वर्षं झाली. समोर काचेचं लांबलचक टेबल, त्याच्या कडेला बसवलेली पितळी मोजपट्टी, हातात कात्री, आणि दिवसभर नाकात जाणारे कापडाचे तंतू. टेबलामागे स्टूल ठेवायला मनाई आहे, गिऱ्हाईक आलं की आपण बसलेलो दिसू नये म्हणून. टाचेचं दुखणं सुरू झालं ते नोकरीच्या बाराव्या वर्षी. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, आणि मग दहा पावलांनंतर तो खिळा आपोआप निघायचा, म्हणून घरात कुणाला खरंही वाटायचं नाही. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. माशाला पाणी कमी करायला सांगावं तसं ते होतं. मग मी इंटरनेटवर शोधत बसले आणि एका साइटवर पोचले. तिचं नाव 'टाच'. एका हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या माणसानं ती उघडली होती, कुठल्या मोठ्या कंपनीच्या छताखाली नाही, स्वतंत्र, दिसायलाही ओबडधोबड. तिथे परिचारिका होत्या, पहारेकरी होते, न्हावी, आचारी, शिक्षक, ज्यांना बसायला मिळत नाही अशी सगळी माणसं. मी पहिल्या दिवशी ते वाक्य लिहिलं आणि तासाभरात चाळीस अनोळखी लोकांनी लिहिलं, 'माझेही.' मला रडू आलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढे त्या हॉटेलवाल्याला बसायची नोकरी मिळाली आणि त्यानं साइटच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. साइट वाचायला सगळ्यांना उघडी, लिहायला मात्र अर्ज करून सभासद व्हावं लागतं. कुणाला आत घ्यायचं, कुठल्या चर्चेला कुलूप लावायचं, हे तेव्हापासून मी ठरवते.

टाचेवर नियम एकच. दुखण्यावर पोटभर बोला, नवऱ्यावर, साहेबावर बोला, पण बुटाचं नाव घ्यायचं असेल तर तो शंभर दिवस घाला आणि तळ दाखवा. म्हणजे बूट उलटा करून, उजेडात, झिजलेल्या तळाचा फोटो टाका. हा नियम उभ्या मास्तरांचा. हे चित्रकलेचे शिक्षक, एकतीस वर्षं वर्गात खुर्चीला पाठ न लावलेले, म्हणून त्यांचं हे नाव. तोंड खोटं बोलतं, तळ बोलत नाही, असं ते म्हणायचे, आणि आम्हाला तळ वाचायला त्यांनीच शिकवलं. बाहेरची कड झिजली तर माणूस कसा चालतो, एकच टाच झिजली तर ओझं कुठल्या खांद्यावर असतं, पंजाखाली वाटोळा खळगा पडला तर तो माणूस उभ्याउभ्या वळतो म्हणजे बहुतेक न्हावी असणार. मी त्यात इतकी पटाईत झाले की रस्त्यात जिना चढणाऱ्या माणसाच्या मागे राहून त्याचा धंदा ओळखायची. त्या तळांमुळेच टाचेवर कुणी काही सांगितलं की लोक डोळे मिटून तो बूट घ्यायचे. आणि ज्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात त्याच्याकडे कंपन्या डोळे उघडून बघतात.

घरी आल्यावर मी नवऱ्याला जाहिरातीचं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून आल्यावर त्याला कुठलीच गोष्ट फार गंभीर वाटत नाही. तो म्हणाला, असं तर कुणीही म्हणेल, उद्या 'भूक लागली' हे वाक्यही तुझंच म्हणून भांडशील. मला मात्र पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं. कारण तीन आठवड्यांपूर्वी त्याच कंपनीकडून मला एक मेल आली होती. लिहिणारी कुणी बाई होती, समाजसंपर्क की असल्याच कसल्या खात्यातली. भाषा इतकी नम्र की वाचताना आपणच काहीतरी चूक केल्यासारखं वाटावं. तिनं लिहिलं होतं की ती सात महिने टाच वाचतेय, काही न लिहिता. सभासदांपैकी चाळीस जणांना बूट घालायला द्यायची इच्छा आहे, चांगलं म्हणा, वाईट म्हणा, काहीच म्हणू नका, आमची अट नाही. सोबत टाचेचं सभासद होण्यासाठी तिचा अर्जही आला होता. मी कशालाच उत्तर दिलं नव्हतं. अट नसलेली वस्तू मी एकवीस वर्षांच्या दुकानदारीत पाहिलेली नाही. आणि ते 'सात महिने वाचतेय' मला फार लागलं होतं. आम्ही आमच्या भेगा, आमच्या सुजलेल्या नसा, आमचं रडणं एकमेकांपुढे मांडत होतो आणि भिंतीआड कुणीतरी वही घेऊन बसलं होतं. आता त्या वहीतलं एक पान थांब्यावर लागलं, असं माझ्या मनानं घेतलं. त्या संध्याकाळपासून मला टाचेवरचा प्रत्येक नवा माणूस कंपनीचा वाटू लागला. कुणी नीट व्याकरणात लिहिलं की वाटायचं, हा पगारी. कुणी मुद्दाम चुका केल्यासारखं लिहिलं की वाटायचं, हा जास्त पगारी. पाच जणांना मी आठवडाभरात बाहेरच ठेवलं, त्यातली एक खरंच रुग्णालयात लादी पुसणारी असावी, असं आता वाटतं.

मग ती बाई काउंटरवरच आली; दुकानाचं नाव मीच कधीतरी टाचेवर लिहिलं होतं. दुपारी, गर्दी ओसरल्यावर. तिनं दोन मीटर अस्तराचं कापड मागितलं, मी मोजलं, कापलं, घडी घातली, आणि ती म्हणाली की मीच तुम्हाला मेल पाठवली होती. चाळिशीची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, पायात तिच्याच कंपनीचे करडे बूट. तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मी कात्री खाली ठेवली नाही.

"थांब्यावरचं वाक्य तुमचं आहे का, एवढंच विचारायला आलेय," ती म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तुमचं वाटतं. पण जाहिरात लिहिणाऱ्यांनी ते वाचलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी तुमच्या जागी असते तर माझाही विश्वास बसला नसता."

हे शेवटचं मला सगळ्यात धूर्त वाटलं. आपल्यावर विश्वास ठेवू नका असं सांगून विश्वास कमवायचा, ही तर जुनी युक्ती, आमच्या दुकानातला पडद्यांच्या दांड्या विकणारा ती रोज करतो. मी म्हणाले, तुम्हाला तिथे नेमकं काय हवंय. तिनं सांगितलं की बूट बनवणाऱ्यांना पाय माहीत असतात, दिवस माहीत नसतो, तो दिवस ऐकायचाय, बाकी काही विकायचं नाही. मी म्हणाले की ऐकणारी माणसं गप्प बसतात, कापड घ्यायचा बहाणा करून येत नाहीत. ती थोडी हसली आणि कापड खरंच हवं होतं म्हणाली. तिचं कार्ड मी चिंध्यांच्या टोपलीत टाकलं, आणि ती गेल्यावर वाकून परत काढलं, शत्रूचा पत्ता जवळ असावा म्हणून.

बरोबर चार दिवसांनी उभ्या मास्तरांची पोस्ट आली. मी जेवणाच्या सुट्टीत, मागच्या गोदामात कापडाच्या ताग्यांवर बसून वाचली. मास्तर म्हणजे एका बुटावर दोन पानं लिहिणारा माणूस, विणकामापासून नाडीच्या टोकापर्यंत. इथे मात्र चार तुटक ओळी होत्या. 'शंभर दिवस झाले. हलके आहेत. पाय अडकत नाही. तळ दाखवतोय, नीट बघा.' आणि खाली त्याच कंपनीचे करडे बूट, उलटे करून ठेवलेले. मी फोटो मोठा केला. दोन्ही टाचा जवळजवळ कोऱ्या होत्या. झीज सगळी पुढे, अंगठ्याखालच्या टोकाशी, आणि डावा-उजवा अगदी सारखा. नऊ वर्षांत मी हजारो तळ पाहिले असतील, पण दोन्ही पाय सारखे झिजलेला माणूस पाहिला नव्हता. देवानं कुणाला असे पाय दिलेलेच नाहीत. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाची टाच कोरी राहील आणि टोक झिजेल, हे तर अशक्य. हे कुणीतरी बूट हातात धरून खरखरीत दगडावर घासले होते, आणि घाईत चुकीच्या बाजूनं घासले होते. त्या चार ओळीही मास्तरांच्या नव्हत्या, कुणीतरी लिहून दिलेल्या होत्या, जाहिरातीसारख्या छोट्या छोट्या. मला सगळं जुळताना दिसलं. मी दार लावून घेतलं, तर कंपनीवाले मागच्या दारानं आले, आणि आले तेही कुणाच्या हाताला धरून, तर ज्यांनी आम्हाला दाराला कडी लावायला शिकवलं त्यांच्या. राग आला, पण त्याहून जास्त मला एक प्रकारचा आनंद झाला, हे कबूल करते. इतके दिवस सापासाठी भुई धोपटत होते, आणि शेवटी साप निघाला होता.

मास्तरांना आधी एकांतात विचारायला हवं होतं. नंबर होता माझ्याकडे. पण नियम सगळ्यांना सारखा, असं स्वतःला सांगून मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'मास्तर, हा तळ चालण्याचा नाही. हा घासलेला आहे. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, म्हणून विचारते, किती जोड मिळाले?' तासाभरात लोक तुटून पडले. कुणी म्हणालं, तुम्हीसुद्धा. कुणी नऊ वर्षांतले मास्तरांचे सगळे सल्ले उकरून त्यात कंपन्या शोधल्या. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या एकानं लिहिलं की मास्तरांच्या शब्दावर त्यानं आईला बूट घेतले होते, आता आईला काय सांगू. मास्तर काहीच लिहीत नव्हते. संध्याकाळी एका परिचारिकेनं लिहिलं, 'मास्तर, एक विचारू का?' आणि मला वाटलं, आता ही त्यांची बाजू घेणार, मऊ शब्द वापरणार, आणि सगळं पुन्हा धूसर होणार. मी चर्चेला कुलूप लावलं. तिचा प्रश्न तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा मला एकटीला संदेश आला, 'तुमचं बरोबर असेल. मी थांबतो.' आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या सगळ्या पोस्टींवर नावाऐवजी 'माजी सदस्य' दिसू लागलं.

दोन दिवस मी ताठ मानेनं कापड कापलं. नवरा म्हणाला, तू आता लोकांच्या पायांकडे असं बघतेस की माणसं बूट लपवतील. मी म्हणाले, ज्याच्या पायात काटा नाही तो कशाला लपवेल. तिसऱ्या दिवशी कंपनीवालीची मेल आली. मी उभ्या उभ्याच वाचली. तिनं लिहिलं होतं की पुन्हा लिहितेय याबद्दल माफ करा, हे कंपनीकडून नाही. आम्ही त्या गृहस्थांना एकही जोड दिलेला नाही, आमच्या दुकानाच्या नोंदीत त्यांनी तो स्वतः विकत घेतल्याचं दिसतं. आमच्याकडे बूट झिजवून बघायचं यंत्र आहे, त्यात टाच आधी जाते. त्यांनी टाकलाय तसा तळ मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, माझ्या वडिलांच्या बुटांचा. शेवटच्या वर्षांत त्यांना पाऊल उचलता येत नसे, ते फरफटत चालायचे, दोन्ही पाय सारखे. कृपया त्यांची चौकशी करा.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. पहिला विचार आला, हिनं बाप मध्ये आणला. दुसरा आला, म्हणजे आता आजारी लोकांसाठी बूट काढणार असतील. मग मी मास्तरांचा फोटो पुन्हा उघडला. टोकाशी झीज, दोन्हीकडे सारखी, आणि ती झीज घासल्यासारखी गुळगुळीत नव्हती, लांब ओरखड्यांची होती, मागून पुढे. 'पाय अडकत नाही.' चार ओळी, कारण बोटं चालत नसणार. 'नीट बघा.' माझ्या हातातली कात्री काचेवर पडली आणि शेजारच्या काउंटरवरच्या दोघी वळून बघू लागल्या. तळ वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी तळाकडे बघितलंच नव्हतं. करडा रंग बघितला होता, कंपनी बघितली होती.

मास्तरांचा पत्ता माझ्याकडे होता, कारण त्यांनी एकदा मला टपालानं बुचाच्या चकत्या पाठवल्या होत्या, टाचेखाली ठेवायला. रविवारी सकाळी मी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, दार सुनेनं उघडलं. ती म्हणाली, बाबा येताहेत, जरा वेळ लागेल. आतून आवाज आला. बूट उचलून टेकल्याचा नाही, लादीवर काहीतरी ओढत आणल्याचा, थोडं थांबून पुन्हा. मी दारातच उभी राहून तो आवाज ऐकला आणि मला पळून जावंसं वाटलं. मास्तर आले, खुर्चीच्या पाठीला धरून वळले, आणि सुनेनं आधार दिल्यावर बसले. फोटोतही मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते हसले असावेत, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. मी चूक झाली म्हणाले, सगळ्यांसमोर तसं लिहीन म्हणाले, आणि माझा आवाज दुकानातल्यासारखा येत होता, उसवलेलं कापड बदलून देताना येतो तसा. त्यांनी हात थोडा वर केला. तो थरथरत होता.

"मला तोंडानं सांगायचं नव्हतं," ते म्हणाले. बोलणं हळू होतं, शब्द एकेक करून बाहेर येत होते. "सांगितलं की लोक खुर्ची पुढे करतात. शाळेत केली, घरात केली. म्हटलं, टाचेवरची माणसं तळ वाचतात. कुणीतरी वाचेल. मग आपोआप कळेल."

मी मान खाली घातली. सून आत गेली. त्यांनी विचारलं, "मग कुणी वाचला? तुम्हीच ना?"

'हो' म्हणायला एवढेसेही कष्ट पडले नसते. त्यांनाही तेच हवं होतं, त्यांच्या शिकवण्याचं तेवढं तरी फळ दिसलं असतं. ते माझ्याकडे बघत होते, पापणी न हलवता, आणि मी मनात तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

"नाही," मी म्हणाले. "त्या कंपनीतल्या बाईनं वाचला."

दुखावले की काय, त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाले, "तिला आत घ्या."

"मास्तर, ती कंपनीची माणूस आहे."

"असू दे की. मीही सरकारी शाळेचा होतो. कुणाची आहे ते तिला तिथे सगळ्यांना सांगू दे आणि मग बोलू दे."

मी विचारलं, आणि तुम्ही, तुम्ही परत याल ना. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन्ही हात ठेवले, ते थरथरायचे थांबावेत म्हणून, आणि म्हणाले, "मी बसलो आता."

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबून मी फोन काढला. कंपनीवालीला लिहिलं, 'या. नाव आणि कंपनी उघड लिहायची, जोड वाटायचे नाहीत.' एवढंच पाठवायचं होतं. पण बोटं थांबली नाहीत, त्यांनी पुढे लिहिलं, 'येताना वडिलांच्या बुटांचा फोटो टाका.' आणि मी ते पाठवलंही. मास्तरांच्या दारातून बाहेर पडून मला पुरती दोन मिनिटं झाली नव्हती. स्वतःची किळस आली, तरी मी तो संदेश परत घेतला नाही, उत्तराची वाट बघत कठड्याला टेकून उभी राहिले. वरून तो लादीवर ओढल्याचा आवाज परत येत होता, आत आत जात होता.

उत्तर लगेच आलं. 'फोटो नाही. बूटही नाहीत. त्यांच्या पायातच राहू दिले आम्ही, शेवटीसुद्धा.'

ते मी पुनःपुन्हा वाचलं. उलटं करून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. खोटं असेल तर असंच लिहिलं जाईल, आणि खरं असेल तरीही असंच. टाचेची साइट उघडून मी तिचा अर्ज काढला, तिच्या पहिल्या मेलपासून तो तसाच पडून होता. नऊ वर्षांत तळ न बघता मी तिथे कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. मी तिला आत घेतलं, आणि भीत भीत तिथेच पायरीवर बसले.